ठासणीची बंदूक घ्यावी की न घ्यावी?

लहानसहान घरगुती प्रश्नांच्या मुळाशी पुष्कळदा इतिहासाचे मोठे प्रश्न दडलेले असतात. परंतु घरातील माणसांस ते तसे दिसत नाहीत, आणि इतिहास लिहिणारांस घरांत डोकावण्याची सवय नसते. असाच एक प्रश्न मागील उन्हाळ्यात आमच्यापुढे येऊन उभा राहिला. आंबेगाव तालुक्यात, घोडेगावाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या सडकेवर शिनोली म्हणून गाव आहे. तेथे आमच्या मातुलघराण्याची थोडी जमीन असून आमचे मामेबंधू ती कसतात. डिंभ्याच्या धरणाखाली घोड नदीस पाणी राहू लागल्यापासून या खोऱ्यात ऊस वाढला, आणि उसाबरोबर बिबट्याही वाढला. भुईमुगाच्या दिवसांत रानडुकरांचे कळप रात्रीतून वाफेच्या वाफे उकरून टाकतात. या दुहेरी उपद्रवाने त्रासून आमच्या पुतण्याच्या मनाने असे घेतले की, रीतसर परवाना काढून एखाद्या चांगल्या कारागिराकडून जुन्या धर्तीची ठासणीची बंदूक करवून घ्यावी. तीही साध्या नळीची नव्हे, तर आत पेच पाडलेल्या नळीची, म्हणजे रायफल. आणि तिचा दस्ता आपल्या खांद्याच्या बेताचा असावा. खर्च सामाईक उत्पन्नातून व्हावयाचा असल्यामुळे आमची संमती हवी होती.

“काका, बिबट्या गोठ्याच्या दारापर्यंत येतो, आणि आपण थाळ्या वाजवीत बसायचे का?” असे त्याने विचारले. वृद्ध मामींचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. “घरात लेकरे आहेत. मामंजींची बंदूक गेली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती,” असे त्या म्हणाल्या. मामेबंधूंनी दोघांचेही ऐकून घेतले आणि भार आमच्यावर टाकला. “दादा, तुम्ही जुने कागद वाचता. तुम्ही सांगाल तसे करू.” माजघरातील खुंटीवर आजोबांचे दारूचे शिंग अद्यापि लटकत आहे, त्यांच्या पश्चात बंदूक सरकारात जमा झाली आणि एवढे शिंगच मागे राहिले. त्याकडे पाहून आम्ही चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत जो विचार झाला तो येथे मांडीत आहोत. वाचकांपैकी फारच थोड्यांना बंदूक विकत घ्यावयाची असेल; परंतु बाहेरून येणारी वस्तू घरात घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न ज्यास पडला नाही असे कुटुंब विरळाच.

प्रथम ही वस्तू कशी असते ते सांगितले पाहिजे. ठासणीच्या बंदुकीत दारू व गोळी नळीच्या तोंडातून भरतात आणि गजाने ठासून बसवितात. यावरूनच तिला हे नाव पडले. सोरा सुमारे पाऊण भाग, कोळसा व गंधक मिळून उरलेला पाव भाग, अशी काळ्या दारूची ढोबळ मिसळ असते. ही दारू आतून पेटविण्याच्या तीन तऱ्हा एकामागून एक प्रचारात आल्या. पहिली तोड्याची. सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली जळती दोरी, म्हणजे तोडा अथवा जामगी, चाप ओढताच कानाजवळच्या रंजकावर टेकते आणि बार उडतो. दुसरी चकमकीची. घोड्याच्या तोंडात गारेचा तुकडा बसविलेला असतो. तो पोलादावर आपटून ठिणगी पाडतो. तिसरी टोपीची. तांब्याच्या इवल्याशा टोपीत आघाताने पेट घेणारे रासायनिक द्रव्य असते. आघाताने पेटणाऱ्या द्रव्याचा बंदुकीकडे उपयोग करण्याची युक्ती स्कॉटलंडातील फोर्साइथ नावाच्या एका धर्मोपदेशकाने काढली आणि १८०७ साली तिचा एकाधिकार मिळविला. टोपी ही त्या युक्तीचीच पुढची पायरी होय.

या तीन तऱ्हांकडे केवळ शोधांची चढती भांजणी म्हणून पाहण्याची रीत आहे. आम्हांस त्यांत दुसरेच काही दिसते. तोड्याची बंदूक गावचा हुशार लोहार करू शकत असे. लोखंडाची पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळावी, जोड ठोकून एकजीव करावा, आतून कोरून साफ करावे, की नळी झाली. चाप म्हणजे एक साधी तरफ. तोडा सुताचा, कोळसा रानातला, सोरा देशातला. काय ते गंधक तेवढे बहुधा बाहेरून येई. चकमकीच्या बंदुकीस मात्र उत्तम पोलादाची कमान लागते, आणि ठिणगीचे पोलाद नेमके पाणी देऊन कठीण करावे लागते. हे काम प्रत्येक भात्यावर होत नाही. टोपी तर लोहाराच्या हातची वस्तूच राहिली नाही. ती रसायनशाळेतून यावी लागते. म्हणजे बंदूक जसजशी सुधारत गेली तसतशी ती गावापासून दूर गेली. वापरणाऱ्याचा नेम सुधारला खरा, परंतु त्याच्या नेमाची दोरी परक्या हातात गेली. आमच्या मते या विषयातील मुख्य गोष्ट हीच होय, आणि मराठ्यांच्या इतिहासाने तिचा अनुभव पुरेपूर घेतला आहे.

शिनोलीहून उत्तरेस एका दिवसाच्या वाटेवर शिवनेरी आहे. तेथे १६३० साली जन्मलेल्या पुरुषाने १६५७ साली याच जुन्नर शहरावर रात्रीचा छापा घातला, आणि तीन लाख होन व दोनशे घोडे नेले, असे बखरी सांगतात. त्या लुटीत घोड्यांचा आकडा आहे, बंदुकांचा नाही. याचा अर्थ महाराजांस बंदुकीचे महत्त्व कळत नव्हते असा मुळीच नव्हे. त्यांच्या पायदळात कोकणातील हेटकरी नेमबाज होते, आणि प्रत्येक किल्ल्यावर दारूगोळ्याची तजवीज होती. परंतु मोठ्या तोफा व चांगल्या बंदुका यांसाठी टोपीकरांकडे पाहावे लागे, आणि टोपीकर हा केवळ व्यापारी नव्हता. १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपला दारूगोळा घेऊन त्याच्या मदतीस गेले. त्याचे प्रायश्चित्त म्हणून १६६१ साली महाराजांनी राजापूरची वखार लुटली व तेथील इंग्रजांस कैद केले. माल विकणारा आज आपल्या दारात उभा आहे, उद्या शत्रूच्या छावणीत उभा राहील, हे त्या प्रकरणाने एकदाच आणि कायमचे दाखवून दिले.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी जो सावधगिरीचा सूर आहे तो या अनुभवातून आलेला आहे. परंतु आज्ञापत्रातील दुसरा एक भाग आमच्या प्रश्नास अधिक जवळचा वाटतो. किल्ल्यावर दारूखाना कोठे असावा, तो वस्तीच्या घरापासून किती जपून ठेवावा, दारूस सरदी लागू नये म्हणून ती ठरलेल्या दिवसांनी बाहेर काढून तिला ऊन कसे द्यावे, इतक्या बारीक गोष्टी अमात्य सांगतात. ज्याने राज्य चालविले त्यास ठाऊक होते की, शस्त्र मिळविणे हा एका दिवसाचा उद्योग आहे आणि शस्त्र सांभाळणे हा रोजचा. सह्याद्रीच्या कुशीतील चार महिन्यांच्या पावसात दारू कोरडी राखणे म्हणजे काय, हे शिनोलीच्या माणसास निराळे सांगावयास नको. काळ्या दारूचा बार काढल्यावर नळीत जी काजळी राहते ती हवेतील ओल ओढून घेते. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुऊन, वाळवून, तेल दिले नाही तर आतून गंज धरतो. आज्ञापत्रातील हवालदार हे काम न चुकता करीत असेल. घरोघरच्या हवालदाराविषयी अशी खात्री देता येत नाही.

पेशवाईत या प्रश्नास दोन उत्तरे देण्यात आली. पहिले उत्तर स्वतः करण्याचे. या कामी जुन्नर प्रांताचा संबंध अगदी निकटचा आहे. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत, १७६५ च्या सुमारास, ओतूरजवळच्या आंबेगव्हाण येथे तोफांचे गोळे करण्याचा कारखाना सुरू झाला. हे आंबेगव्हाण जुन्नर तालुक्यातील. आमच्या आंबेगावाशी त्याचा घोटाळा करू नये. पानिपतचा १७६१ चा घाव ताजा होता, आणि इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींनी त्या दिवशी जी करामत दाखविली तीही विस्मरणात गेली नव्हती. आपल्या डोंगरांच्या पायथ्याशी आपला कारखाना असावा, ही बुद्धी त्या वेळी झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. परंतु गोळा ओतणे निराळे आणि बंदुकीचा चाप घडविणे निराळे. बंदुकांच्या बाबतीत पुणे दरबाराने बहुतांशी दुसरे उत्तर पत्करले, ते म्हणजे विकत घेण्याचे. युरोपीय कंपन्यांच्या कोठारांत जुन्या व निकामी ठरलेल्या बंदुका साचत, आणि त्या देशी दरबारांस विकल्या जात. घेणारास त्या स्वस्त वाटत. विकणाराच्या दृष्टीने तो दुहेरी फायद्याचा सौदा होता. अडगळ जाई, पैसा येई, आणि उद्याच्या शत्रूच्या हाती कालचे हत्यार राही.

महादजी शिंद्यांनी मात्र तिसरा मार्ग चोखाळला. कारागीरच आणावा आणि आपल्या घरी बसवावा, असा तो मार्ग. १७८४ साली द बॉयन त्यांच्या चाकरीस आला, आणि त्याच्या पलटणींसाठी आग्र्यास सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा व बंदुका होऊ लागल्या. तेथली बंदूक दहा रुपयांच्या आसपास पडे व ती विलायती मालाच्या तोडीची असे, असे त्या काळच्या युरोपीय शिपाईगड्यांच्या चरित्रांत नमूद आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानात वेलस्लीच्या फौजेची जी भयंकर हानी झाली ती बहुतांशी शिंद्यांच्या तोफखान्याने केली. आणि ज्या तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या त्यांच्या घडणीची खुद्द विजेत्यांनीही वाखाणणी केली. मग उणे कशाचे पडले? हत्याराचे नव्हे. युद्धाला तोंड लागताच शिंद्यांच्या चाकरीतील युरोपीय अंमलदार एकामागून एक बाजूस झाले. सप्टेंबरात अलीगड पडले, ऑक्टोबरात आग्रा पडले, आणि आग्र्याबरोबर तो कारखानाही गेला. मागणीप्रमाणे माल मिळत होता, परंतु तो घडविण्याची विद्या आपल्या माणसांत पुरतेपणी रुजलेली नव्हती. कारागीर आणला होता. कारागिरी आणावयाची राहिली होती.

येथे पुतण्याच्या आग्रहाच्या मुद्द्याकडे, म्हणजे पेचदार नळीकडे, वळले पाहिजे. नळीच्या आत मळसूत्राप्रमाणे फिरणाऱ्या खाचा पाडल्या म्हणजे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते, आणि भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा सोडीत नाही. साध्या नळीचा नेम साठ-सत्तर यार्डांपलीकडे भरवशाचा राहत नाही. पेचदार नळीचा दोनशे यार्डांपर्यंत राहू शकतो. अडचण एवढीच की, खाचांत घट्ट बसावी म्हणून गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून जोराने ठासावी लागते आणि त्यात वेळ जातो. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी अठराव्या शतकात अशा लांब व देखण्या रायफली घडविल्या. तिकडे त्या विद्येचे आजही मोठे कौतुक आहे. १९३३ साली ठासणीच्या रायफलींची एक राष्ट्रीय संस्था तेथे स्थापन झाली. आणि विल्यम्सबर्ग या जुन्या राजधानीच्या गावी, नळी घडविण्यापासून दस्ता कोरण्यापर्यंत सारे काम जुन्या हत्यारांनी एकाच कारागिराने करून दाखविले, त्याचे चित्रपटही निघाले. अशा एका बंदुकीस शेकडो तासांचे श्रम लागतात. तेथील शौकीन आधी विसार देऊन पुढे दीर्घकाळ वाट पाहतो, आणि बंदूक हाती आल्यावर ती निशाणबाजीसाठी किंवा हंगामी शिकारीसाठी वापरतो. तेथील मध्यवर्ती कायदा अशा जुन्या पद्धतीच्या बंदुकीस सामान्यतः बंदूक म्हणून गणीतच नाही. आमच्या पुतण्याच्या डोक्यात जे चित्र आहे ते या अमेरिकन शौकाचे आहे. चित्र सुंदर आहे. पण ते घोडेच्या खोऱ्यातले नाही.

आपल्या देशात ठासणीची रायफल आली ती निराळ्या वाटेने, आणि तिने निराळाच इतिहास घडविला. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ही ठासणीचीच होती. तिच्या काडतुसाचा कागद दातांनी फाडावा लागे आणि त्यास चरबी लावलेली असे, ही गोष्ट १८५७ च्या संदर्भात शाळकरी मुलांसही पाठ आहे. त्यानंतरची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. उठाव मोडल्यावर देशी शिपायांसाठी जो बंदुकीचा नवा नमुना काढण्यात आला तो बाहेरून एन्फील्डसारखाच होता. फक्त त्याच्या नळीत पेच ठेवले नव्हते. गोऱ्याची गोळी फिरत जावयाची आणि काळ्याची सरळसोट. राज्यकर्त्याचा अविश्वास नळीच्या आतही पोहोचतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हा अविश्वास आमच्या खोऱ्याच्या वाट्यास तर त्याच्याही आधीपासून आला होता. १८१८ साली पेशवाई बुडाली; गडांवरील शिबंदी व महादेव कोळ्यांची जुनी वतने यांची घडी विस्कटली. १८३९ साली भाऊ खरे, चिमणाजी जाधव व नाना दरबारे यांच्या पुढारीपणाखाली कोळ्यांनी पेशव्यांच्या नावाने बंड करून घोडे महालाच्या कचेरीवर, म्हणजे शिनोलीच्या शेजारच्या घोडेगावावर, चाल केली. त्यानंतर राघोजी भांगऱ्याने हा सारा डोंगरपट्टा हलवून सोडला. त्यास १८४८ साली ठाण्यास फाशी झाली. १८७३ ते १८७६ या काळात जांभोरीच्या होनाजी केंगल्याने सावकारांची नाके कापण्याचा सपाटा लावला, तोही याच तालुक्यातला. आणि १८७८ साली लिटनशाहीत शस्त्रांचा कायदा झाला. राष्ट्रसभेने १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनातच त्याविरुद्ध आवाज उठविला. तरीही त्या कायद्याच्या चौकटीत शेतकऱ्याच्या ठासणीस पीकसंरक्षणाच्या नावाने कोठे कोठे जागा मिळत राहिली. आमच्या आजोबांची बंदूक ही त्याच वर्गातील होती.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला. त्याच्या तेराव्या कलमात एक तरतूद आहे, ती वाचून आम्हांस कौतुक वाटले. पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी नागरिकाने ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला तर तो द्यावा, असे त्यात नावानिशी म्हटले आहे. ठासणीने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक द्यावी, असेही पुढे आहे. शेकडो प्रकारच्या शस्त्रांतून कायद्याने शेतकऱ्याची ही साधी ठासणी हुडकून काढून तिला मानाची जागा दिली. परंतु त्याच तरतुदीत रायफलीचे नाव नाही. संरक्षणासाठी व खेळासाठी जी नळी सांगितली आहे ती वीस इंचांहून आखूड नसलेली, गुळगुळीत नळी. त्यापलीकडचे काही हवे असेल तर सबळ कारण दाखवावे लागते. म्हणजे १८५८ साली शिपायाच्या नळीतून काढलेले पेच अद्यापि सहजासहजी परत मिळत नाहीत. हे योग्य की अयोग्य याचा निवाडा येथे करीत नाही. परंतु घेणाराने हे आधी ओळखले पाहिजे.

आणखीही बंधने आहेत. बंदूक घडविणाऱ्यास स्वतःचा परवाना लागतो. गावच्या लोहाराकडून ती गुपचूप करवून घेणे हा घडविणारा व घेणारा या दोघांचाही गुन्हा होय. देशात उदयपूर, मुंगेर अशा ठिकाणी परवानाधारक कारागीर आहेत, आणि मुंगेरच्या विद्येचा इतिहास तर मीर कासिमाच्या कारखान्यापर्यंत मागे जातो; परंतु शिनोलीच्या बंदुकीची कमान तुटली तर दुरुस्तीसाठी किती दूर जावे लागेल याचा हिशेब केला पाहिजे. दारू, टोप्या, त्यांचे ठरीव प्रमाण, दर काही वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण, निवडणुकीच्या वेळी पोलिसांत बंदूक जमा करणे, हे सारे किमतीत धरावे लागते. दुकानातील किंमत एकदा द्यावयाची असते. ही किंमत जन्मभर.

आता मूळ प्रयोजन. ही बंदूक कोणावर चालवावयाची? बिबट्यावर चालविता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यास सर्वांत कडक संरक्षण आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविण्यासाठी सद्बुद्धीने केलेली हत्या गुन्हा ठरत नाही हे खरे. परंतु शेळी वाचविण्यासाठी ही सवलत नाही. कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी व्यवहार काय सांगतो? ठासणीत बार एकच. तो निघताच काळ्या दारूचा पांढरा धूर डोळ्यांपुढे पसरतो. पुन्हा भरण्यास सराईत हातासही अर्धा मिनिट लागतो. आणि तेवढ्यात रात्रीच्या काळोखात, माणसाहून उंच उसात, जखमी बिबट्या कोठे आहे हे कोणासही कळत नाही. ज्याने न डिवचता निघून जावयाचे त्याला आपण माणसाचा वैरी करून सोडतो. गेल्या पाव शतकात जुन्नर वनविभागात बिबट्याने कित्येक घरांत दुःख आणले आहे, आणि त्या दुःखास आम्ही लहान लेखीत नाही. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडून ठेवलेले बिबटे आहेत, तरी उसात बिबटे राहिलेच आहेत. या प्रश्नाचे उत्तर एकेका घरच्या एकेका नळीतून निघण्यासारखे असते तर ते केव्हाच निघाले असते.

रानडुकराचे तसेच. त्यासही कायद्याचे संरक्षण आहे, आणि वनखात्याच्या परवानगीवाचून त्यास मारता येत नाही. पश्चिमेस भीमाशंकरचे अभयारण्य आहे; तेथे तर शस्त्र घेऊन पाऊलही टाकता येत नाही. डुकरांच्या कळपावर एक बार काढला तर एखादे पडेल, बाकीचे शेजाऱ्याच्या शेतात जातील, आणि चार दिवसांनी परत येतील. आवाज हाच जर तिचा मुख्य उपयोग, तर पुतण्याने ज्या थाळीची थट्टा केली ती थाळी पुष्कळ स्वस्त आहे.

येथवर आल्यावर चौथ्या दिवशी आम्ही सर्वांस एकत्र बसवून आपले मत सांगितले. पुतण्याचे मन मोडावे असा हेतू नव्हता. कारण त्याच्या मागणीत एक गोष्ट खरी होती. भय वाटले असता हातपाय गाळून बसू नये, काहीतरी करावे, ही वृत्ती या डोंगरांची जुनी आहे आणि ती आम्हांस प्रियही आहे. परंतु जे करावयाचे ते कार्यास लागू पडणारे असावे. म्हणून शेतासाठी बंदूक घेऊ नये. त्या पैशांतून गोठा चारी बाजूंनी व वरून जाळीने बंदिस्त करावा, अंगणात व वाटेवर दिवे लावावेत, भुईमुगाच्या दिवसांत शेजारच्या चार घरांनी मिळून माळ्यावर पाळीपाळीने जागल करावी, असे आम्ही सुचविले. जागलीस बंदुकीइतकी शोभा नाही, हे आम्ही कबूल केले. परंतु दारूस ऊन देणाऱ्या हवालदाराच्या कामासही शोभा नव्हती, आणि किल्ले त्याच्या जिवावर राहिले.

आणि विद्येची आवड म्हणूनच जर बंदूक हवी असेल, तर तो प्रश्न निराळा. तेव्हाही आधी बंदूक घेऊ नये. आधी ती ओळखावयास शिकावे. पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या शस्त्रांचा संग्रह आहे. तेथे जाऊन चाप, कान, कमान, दस्ता हे डोळ्यांनी पाहावे. परवानाधारक कारागिराकडे बसून नळी कशी होते, तिची परीक्षा कशी घेतात, हे पाहावे. दोन वर्षांनीही आवड टिकली, कायद्याने वाट दिली, आणि घरातील लेकरे जाणती झाली, तर मग आम्हीच वाटा देऊ. परंतु तेव्हाही पेचांचा हट्ट नसावा. कायद्याने नावाने सांगितलेली साधी ठासणी पुरे. आणि ज्याच्याकडून घ्यावयाची त्यास पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. मोडली तर दुरुस्त कोण करील, आणि ती दुरुस्ती मला शिकवाल का, हा पहिला प्रश्न असावा. पुणे दरबाराने हा प्रश्न विचारला नाही. शिंद्यांनी विचारला, पण तो अर्धाच विचारला.

पुतणा काही वेळ बोलला नाही. मग त्याने विचारले, “जाळीसाठी लोखंडी कोन घोडेगावात मिळतील, की मंचरास जावे लागेल?” मामी उठून आत गेल्या. दारूचे शिंग मात्र कोणी खुंटीवरून काढले नाही. ते तेथेच असावे असे आम्हांसही वाटले.